खाली डावीकडची सही

मला कागदात फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! फॅक्टरीत बत्तीस वर्षं तपासनीस होतो मी. माझ्या सहीशिवाय साधा बोल्ट गेटाबाहेर गेला नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर सुरू केलेल्या माझ्या खाण्याच्या ब्लॉगसाठी एका लोणच्याच्या कंपनीचा पियूष जाहिरातीचा करार घेऊन आला, तेव्हा मी ऐटीत सही ठोकली. साक्षीदार म्हणून बायकोला, हेमलतालाही करायला लावली.

"अंकल, पढ़ तो लीजिए," पियूष म्हणाला.

"बेटा, हमने तोपों के पुर्जे पास किए हैं!"

वाचला तो महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी. कलम सात: ब्लॉगरने वर्षभर दुसऱ्या कोणत्याही लोणच्याची स्तुती लेखी, तोंडी किंवा हावभावाने करू नये. केल्यास ब्लॉग कंपनीचा!

आता आली पंचाईत! आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या पंगतीत हेमलताच्या लोणच्याची पहिली फोड मी खायची, मोठ्यानं "वा!" म्हणायचं आणि मगच बाकीच्यांनी जेवायचं, अशी तीस वर्षांची पद्धत. आणि पियूषला जेवायचं आवतण मीच दिलेलं! हेमलताला सांगावं, तर करार न वाचल्याचं कबूल करावं लागणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

पंगत बसली. समोरच्याच पानावर पियूष. मी फोड तोंडात टाकली. काय लोणचं होतं म्हणता! मान डोलायला लागली, ती भिंतीला घट्ट टेकवली. डोळे मिटायला लागले, ते ताणून उघडे ठेवले.

"गप्प काहून बसून राहिले?" हेमलतानं विचारलं.

"आंबील छान झाली."

"आणि लोणचं?"

"लोणचं... आहे."

चाळीस माणसांचे घास हातातच राहिले. हेमलताचे डोळे भरून आले. "माझ्या आईच्या हातची रीत आहे ती! जीभ काय सराफ्यात गहाण ठेवून आले?"

तिनं सगळ्या बरण्या कपाटात कोंडल्या आणि किल्ली कमरेला खोचली. चार दिवस मी कोरडा वरण-भात गिळला. लोणच्यापेक्षा तिच्या अबोल्यानंच जीव कासावीस झाला. शेवटी करार घेऊन वकील पुतण्याकडे, गौरांगकडे गेलो.

त्यानं कागद पाहिला आणि हसता हसता चहा सांडला. "काका, तुमची सही कुठाय?"

"ही काय, खाली डावीकडे!" तपासनिसाची सही बत्तीस वर्षं तिथंच व्हायची. हात आपोआप गेला होता.

"अरे काका, ये तो गवाह की जगह है! उजवीकडे ब्लॉगर. तिथं काकूची सही आहे. तुम्हाला वा वा करायला कोणी अडवलं होतं?"

मी धावतच घरी आलो आणि दारातूनच "वा! वा! वा!" ओरडलो. हेमलतानं सगळं ऐकलं, चष्मा लावला आणि करार अथपासून इतिपर्यंत वाचला.

"म्हणजे ब्लॉगर मी?"

"हो."

"आणि दुसऱ्या कोणाच्या लोणच्याला मी चांगलं म्हणायचं नाही?"

"हो ना!"

"अच्छा! ते तर मी तसंही कधी म्हटलं नाही!"

तिनं कमरेची किल्ली काढली, एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि ब्लॉगचा पासवर्ड मागून घेतला. आता तीच लिहिते. मी तपासतो आणि खाली डावीकडे सही करतो.