सतरंजी नको म्हणणारा मास्तर

सतरंजी अंथरायची नाही, एवढंच सहादेवने त्या सकाळी ठरवलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

मुंबईत तो दोन वर्षं एका व्यायामवर्गाचा हॉल झाडायला होता. तिथे एक बाई कुणा जर्मनाने काढलेला, जमिनीवर पडून करायचा पिलाटीज नावाचा व्यायाम शिकवत. केर काढता काढता सहादेव तत्त्वज्ञ झाला (केर बराचसा राहून जायचा). संगमनेरला परतल्यावर तो सांगू लागला, की माणसाचं बळ दंडात नसतं, बेंबीच्या मागे असतं. आणि खऱ्या गुरूने शिष्याला बोटही न लावता, डोळे मिटून नुसता त्याचा श्वास ऐकायचा असतो. तालमीतली पोरं त्याच्या लेखी मांसाचे गोळे. स्वतःला पाण्याची घागर उचलवत नसे, पण तत्त्वज्ञाला घागर कोण सांगणार?

हायस्कूल कमिटीचे चेअरमन छगनअण्णा यांची कंबर तीन महिने धरलेली होती. ती सुटली तर ड्रिल मास्तरची जागा सहादेवला, असं ठरलं. एवढा मोठा माणूस घरी येणार म्हणून सहादेवच्या आईने, कडूबाईने, सकाळीच ओसरी शेणाने सारवून काढली.

"अण्णांना खाली काय टाकू?" बायकोने, पुष्पावतीने, विचारलं.

"काही नको. शरीर आणि जमीन यांच्या मध्ये कुणी येता कामा नये."

"आवो, पण भुई अजून..."

"तूसुद्धा येऊ नकोस."

अण्णा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत कण्हत आडवे झाले. सहादेवने डोळे मिटले.

"मणक्याचा एकेक मणी जमिनीत रुतवा."

"रुततोय मास्तर. पन गार लागतंय."

"स्नायू सुटताहेत."

"वल्लं बी लागतंय."

"तो आतला घाम."

"शेनाचा वास येतोय हो."

"श्वास खोल जातोय, म्हणून वास कळतो. आता उठा. बेंबीमागून."

अण्णा जरासे हलले आणि तिथेच अडकले. "हात द्या, मास्तर."

"मी हात लावला तर शरीराचा अपमान होईल. त्याला आपलं आपण उमगू द्या."

"आवो, शरीर माझं हाय. त्याला न्हाई उमगत."

पाव तास गेला. अण्णा कण्हत होते, सहादेव श्वास ऐकत होता. शेवटी कडूबाई चुलीपासून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "पुष्पे, पाय धर."

चिखलात रुतलेली म्हैस काढावी तसा तिने अण्णांना बगलेत हात घालून एकच हिसका दिला. कट्‌कन आवाज झाला आणि अण्णा उभे. पाठीमागून टाचेपर्यंत हिरवे, पण सरळ. ते बिचकत पुढे वाकले, मागे वाकले, पुन्हा पुढे वाकले.

सहादेवने डोळे उघडले. "बघितलंत? हेच ते बेंबीमागचं बळ."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते खाली वाकून कडूबाईच्या पाया पडले.

"अण्णा, आमच्या जागेचं तेवढं..." सहादेवने आठवण केली.

"बगू की," अण्णा चपला घालत म्हणाले. "मंगळवारी मी म्हातारीकडं पुन्यांदा येतोय. मास्तर, तुमी तेवढं घरी थांबू नका."