अध्यक्षांच्या गुडघ्याइतकी तार

एका जंगलात, मुलांनो, फार सुखी प्राणी राहत होते. सुखी म्हणजे दुपारी जेवून झोपणारे.

जंगलाच्या मधोमध एक तळं होतं आणि तळ्याकाठी मोठं मोकळं मैदान. जेवणं झाली की सगळे तिथे येऊन आडवे व्हायचे. अस्वल पालथं पडायचं. ससे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायचे. हत्ती उभ्या उभ्याच घोरायचा. या हत्तीचं नाव दंतोजीराव. ते मैदान मंडळाचे अध्यक्ष होते. का होते? तर त्यांना जागेवरून हलवणं कुणालाच शक्य नव्हतं. अध्यक्ष असेच होतात. मोठे झालात की कळेल तुम्हाला.

मैदानाच्या खडकाळ कोपऱ्यात एक टिटवी राहायची. टिटवी काही झाडावर घरटं बांधत नाही. चार खडे इकडचे तिकडे सरकवते आणि उघड्या जमिनीवरच अंडी घालते. हिनेही चार अंडी घातली होती. ती चार अंडी म्हणजे तिचं सगळं जग होतं.

आणि जंगलात एक घोरपड होती. तिला सगळे आत्या म्हणत. आत्याला अंडी फार आवडायची. स्वतःची नव्हे, दुसऱ्यांची.

दुपारी मैदान घोरायला लागलं की आत्या गवतातून सरपटत यायची. टिटवीला ती लगेच दिसायची. मग टिटवी वर उडून घिरट्या घालायची आणि जिवाच्या आकांताने ओरडायची, "टिटिव! टिटिव! आली, आली!" सगळे दचकून उठायचे. दंतोजीराव चिडून पाय आपटायचे. त्यांनी पाय आपटला की जमीन हलायची आणि आत्या पसार व्हायची. अंडी वाचायची, पण झोपेचं पार खोबरं व्हायचं.

शेवटी मंडळाची सभा भरली.

"रोजची कटकट झालीय ही," अस्वल म्हणालं. "झोप नाही म्हणून मी अर्धा राहिलोय."

"शिवाय टिटवी ओरडणं म्हणजे अपशकुन," चिटणीस माकड म्हणालं.

"अहो, अपशकुन आत शिरतो म्हणूनच ओरडते ना मी!" टिटवी म्हणाली.

हे मुद्द्याचं होतं, त्यामुळे सभेला ते उद्धट वाटलं.

माकडाकडे उपाय तयार होता. माणसांच्या मळ्यात चोऱ्या करून ते शिकलेलं होतं. "माणसं मळ्याभोवती तार ताणतात," ते म्हणालं. "तारेला रिकामे डबे बांधतात. चोराचा पाय अडकला की डबे वाजतात. कुणी ओरडायचं कामच नाही."

सगळ्यांना कल्पना पसंत पडली. सहलीला येणाऱ्या माणसांनी जंगलात डबे टाकलेलेच होते. तार एका मोडक्या कुंपणाची मिळाली. प्रश्न राहिला तो उंचीचा.

"गुडघ्याइतकी हवी," माकड म्हणालं. "त्याशिवाय पाय अडकत नाही."

"कुणाच्या गुडघ्याइतकी?" एका सशाने विचारलं.

सगळ्यांनी हळूच दंतोजीरावांकडे बघितलं. साक्षात अध्यक्ष हजर असताना दुसऱ्या कुणाच्या गुडघ्याचं नाव कोण काढणार? माकडाने मुकाट्याने एक वेल तोडली आणि अध्यक्षांचा गुडघा मापला.

"अहो, ही तर माझ्या डोक्यावरून जाईल!" ससा म्हणाला.

"म्हणजे तू चोर नाहीस. अभिनंदन!" माकड म्हणालं.

आत्याही सभेला आली होती. जीभ आत-बाहेर करत तिने पाठिंबा दिला. "उंचच बांधा बाई. खाली बांधलीत तर लहान लेकरं धडपडायची. मला मेलीला लेकरांचीच काळजी."

अस्वलाला गहिवरून आलं.

मग मैदानाभोवती तार ताणून उद्घाटन झालं. चोर कसा पकडला जातो ते दाखवायला दंतोजीराव स्वतः ऐटीत चालत आले, तारेत अडकले आणि सोंडेवर आपटले. डबे खणाखण वाजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी वाजवली तर ती चाचणी आणि दुसऱ्या कुणी वाजवली तर ती घुसखोरी, असा नियमही तिथल्या तिथे झाला. कारण दंतोजीरावांना अंघोळीला रोज त्याच वाटेने जायचं होतं.

दुसरा नियम टिटवीसाठी होता. "आता तार आहे," माकड म्हणालं. "तार असताना ओरडणं म्हणजे तारेवर अविश्वास. यापुढे ओरडलीस तर मैदानाबाहेर."

"आणि तार वाजलीच नाही तर?"

"वाजली नाही म्हणजे कुणी आलं नाही. एवढंही कळत नाही?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आली. तारेखालून आली. मध्येच थांबून तिने वर तारेकडे बघितलं आणि पुढे निघाली. वाटेत ऊन लागू नये म्हणून डोक्यावर छत्री धरली असती, तरी चाललं असतं.

टिटवीने चोच घट्ट मिटली. ओरडावं तर मैदान जातं, आणि अंडी काही पंखाखाली घेऊन उडता येत नाहीत. गप्प बसावं तर अंडीच जातात. आत्याची जीभ पहिल्या अंड्याला लागली आणि टिटवीच्या तोंडून किंकाळी फुटली.

सगळे उठले. दंतोजीरावांनी पाय आपटायला उचलला.

"थांबा!" माकड ओरडलं. "तार वाजली का?"

कुणीच ऐकली नव्हती. अध्यक्षांनी पाय खाली ठेवला. तेवढ्यात आत्याने अंडं गिळलं.

"अहो, ती बघा! समोर उभी आहे!" टिटवी रडत म्हणाली. "माझं अंडं खाल्लं हो तिने!"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्याच्या ओठाला पिवळा बलक लागला होता.

"आत्या, तुम्ही तारेतून आत आलात?" माकडाने अदबीने विचारलं.

"आले असते तर वाजली नसती का रे?"

माकड विचारात पडलं. मग त्याचा चेहरा उजळला. "बरोबर! बाहेरून येणारा तारेला लागतोच. आत्या लागल्या नाहीत. म्हणजे त्या बाहेरून आल्याच नाहीत. म्हणजे त्या आधीपासून आतल्याच!"

सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. त्याच दुपारी आत्याला मैदानाची रहिवासी करून घेतलं. टिटवीला पहिली चूक म्हणून समज दिली.

रात्रभर टिटवीने उरलेली तीन अंडी छातीखाली घट्ट धरली. तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. या लोकांना आईचं ओरडणं ऐकू येत नाही, डबा मात्र ऐकू येतो. ठीक आहे. आपण डबा वाजवू.

दुसऱ्या दिवशी आत्या अंड्यांकडे निघाली, तशी टिटवी झेपावली. तारेवर जाऊन आदळली. चोचीने, पायांनी, पंखांनी डबे बडवत सुटली. डबे असे खणखणले की तळ्यातले बेडूकसुद्धा गप्प झाले.

"तार वाजली! घुसखोर! घुसखोर!"

सगळं मैदान धावलं. काय तो उत्साह! अस्वल आयुष्यात पहिल्यांदा पळालं. दंतोजीराव तर जमीन हादरवत आले. सगळे तारेपाशी पोचले आणि तारेवर होती टिटवी.

"मी नव्हे! ती तिकडे! अंड्यांपाशी बघा!" टिटवी जीव तोडून सांगत होती. पण सगळ्यांची पाठ अंड्यांकडे होती.

"तार खोटं बोलत नाही," दंतोजीराव गंभीरपणे म्हणाले.

टिटवीला घुसखोर म्हणून तारेबाहेर हाकललं. मागे राहिली तीन अंडी. आई नसलेली अंडी अशी उघड्यावर कशी टाकायची? प्राणी मनाचे फार चांगले होते. त्यांनी एकमताने अंड्यांची जबाबदारी आत्याकडे सोपवली. आत्याने ती जबाबदारी तिथल्या तिथे पार पाडली.

टिटवी तारेबाहेर घिरट्या घालत ओरडत राहिली. मला तिचं फार वाईट वाटतं, मुलांनो. मंडळालाही वाटलं. पण बाहेरचे आवाज मंडळाच्या हद्दीत येत नव्हते.

तात्पर्य: नम्रता हा फार मोठा गुण आहे. जो खाली मान घालून, पोटावर सरपटत आत येतो, त्याला कुणीही घुसखोर म्हणत नाही.