मनोहरकाकांचा मुका सिनेमा

मनोहरकाकांचा सिनेमा मुका आहे, पण काका मुके नाहीत, हीच आमची अडचण. हिंगणघाटात त्यांची आणि आमची भिंत एक. रोज संध्याकाळी गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान बंद करून काका टीव्हीवर तोच जुना, काळापांढरा विलायती सिनेमा लावतात आणि त्यातल्या सगळ्यांचे संवाद स्वतः म्हणतात. मोठ्यानं. वऱ्हाडीत.

गोष्ट साधी. गिरणीमालकाचा पोरगा, धुणेवालीची पोरगी आणि मध्ये टोपी घातलेला बाप. पोरगी खिडकीत आली की काका बारीक आवाज काढतात, "काऊन आला बापा इथं? तुह्या बापानं पाह्यलं तं?" बग्गीच्या घोड्यालाही त्यांनी एक वाक्य दिलंय. समोरचे नवे भाडेकरू एकदा भांडण सोडवायला काठी घेऊन धावत आले. काकांनी त्यांना चहा पाजला आणि अख्खा सिनेमा दाखवला. बिचारे आता दुसरी खोली शोधताहेत.

आवाज कमी करा म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "मुक्या मानसाइच्या तर्फेनं कोनी तं बोलाव लागते." माझी बायको म्हणते, काकांनी लग्न केलं असतं तर घरातच बोलायला माणूस मिळालं असतं. काकांचे वडील कापसाच्या जिनिंग गिरणीचे मालक. स्थळं मागे लागायची म्हणे. काकांनी एकही पाहिलं नाही.

परवा मुलीची परीक्षा आणि भिंतीपलीकडे हा गोंधळ. माझं डोकं फिरलं. तडक त्यांच्या घरात शिरलो. पडद्यावर बाप जाब विचारत होता, पोरगा मान खाली घालून उभा होता आणि काका खुर्चीतून उठून ओरडत होते, "बाबूजी, लगन करीन तं हिच्याशीच."

"काका," मी वैतागून म्हणालो, "त्याचे ओठ तं हालून नाई राह्यले. थो चूप उभा हाये."

काकांनी सिनेमा थांबवला.

"माहे बी नोते हालले," ते म्हणाले. "जिनात कापूस वेचाले येत होती ते. फाटकापाशी उभी होती. बाबूजीनं इचारलं, हे पोरगी तुही कोन लागते? मी खाली पाह्यत राह्यलो."

मला फार वाईट वाटलं. भांडायला आलो होतो, खुर्ची ओढून बसलो. थोड्या वेळानं काकांनी तोच प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. बापानं विचारलं. काका उठले, पण आवाज फुटेना.

"बोला काका," मी म्हटलं. "जोरानं बोला."