सातवं नाव

सबनीस काकांनी मला फसवलं. शंभराहून जास्त वर्षांचं, कॉलेजच्या शर्यतीत जिंकलेल्या बोटीचं वल्हं माझ्या हातातून फुकट काढून नेलं, आणि तेही माझ्याच गाडीवर लादून. हे आधी सांगतो, कारण पुढं काकांबद्दल चार बरे शब्द येणार आहेत.

पिस्कॅटवेत माझा जुन्या फर्निचरचा धंदा. दर ऑगस्टला इंडियातून नवे स्टुडंट येतात, त्यांना टेबलं-गाद्या मीच पुरवतो. मालेगावात हातगाडीवर धंदा शिकलोय. घासाघीस मला कोणी शिकवू नये. काका जवळच्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत, तळघरात, जुने कागद लावायचे. काकू गेलेल्या, मुलगी सिअ‍ॅटलला. शनिवारी मी यार्ड सेल, म्हणजे लोक अंगणात नाहीतर गॅरेजमध्ये जुनं सामान विकायला काढतात ते, फिरायला निघालो की काका बरोबर. माझ्या जुन्या स्टेशन वॅगनला सगळ्यात मागं उलट्या तोंडाची सीट होती. पुढची सीट रिकामी सोडून काका तिथं जाऊन बसायचे.

"वल्हवणारा मागंच बघतो रे," ते म्हणायचे. "पुढचं बघायला दुसरा असतो."

तळघरातल्या कागदांतली, कॉलेजच्या बोटी वल्हवणारी पोरं त्यांना शेजाऱ्यांसारखी. अमका प्रॅक्टिसला उशिरा आला, तमक्याला ग्रीकमध्ये कमी मार्क पडले म्हणून बोटीतून काढणार आहेत. मी काळजीनं चौकशी करायचो, आणि मग कळायचं की तो मरूनच ऐंशी वर्षं झाली. शर्यतीआधी त्या पोरांना अर्धकच्चं बीफ द्यायचे आणि प्यायचं पाणी तोडायचे. काका शाकाहारी, म्हणून त्यांनी नुसतं पाणी तोडून पाहिलं. मंडळाच्या गणपतीत, ऐन आरतीत, चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, ट्रेनिंग कमी पडलं.

एका शनिवारी एका गॅरेजमध्ये मी डायनिंग टेबल ठरवलं आणि हट्टानं कोपऱ्यातलं लांबलचक वल्हं वर मागून घेतलं. पात्यावर कॉलेजचं नाव, खाली सहा नावं. जिंकलेल्या बोटीतल्यांची नावं अशी रंगवायची तेव्हा पद्धत होती. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी काकांनी रंगावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अलीकडचं आहे. शोभेचं. मला दे, पडद्याला दांडा होईल." मी दिलं. घरापर्यंत ते मागच्या खिडकीतून हात काढून टपावरचं वल्हं धरून बसले होते.

दोन वर्षांनी एका अँटिक मेळ्यात तसंच वल्हं मी काचेआड पाहिलं. किंमत ऐकली आणि तडक काकांचं घर गाठलं.

वल्हं भिंतीवर होतं. सहा नावांखाली, ताज्या पांढऱ्या रंगात, वेड्यावाकड्या अक्षरांत, सातवं.

"काका, खोटं बोललात ते बोललात. वर माल पण खराब केलात?"

त्यांनी मला पाणी दिलं. सांगितलं, की हा सातवा मुलगा सगळा सीझन वल्हवत होता. शर्यतीच्या सकाळी कॅप्टननं त्याला उतरवून स्वतःच्या मित्राला बसवलं. कॉलेजच्या पेपरात त्याच्यावर एकच ओळ आहे. वल्हं मी विकलं असतं, तर त्याचं नाव कधीच लागलं नसतं.

एका ओळीसाठी एवढं, असं मी विचारलं. आवाज चढलेलाच होता.

काकांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. "पुण्याला आमच्या कॉलेजच्या बोटीत मी पाच नंबरच्या वल्ह्यावर होतो," ते म्हणाले. "रेगाट्याची शर्यत बघायला आई साताऱ्याहून आली होती. शर्यत संपेपर्यंत ती बोटीत मला शोधत होती. मी तिच्या मागंच उभा होतो."

वल्हं मी परत मागितलं नाही. माफही केलेलं नाही. काका मागच्या सीटवर बसले की दर शनिवारी आरशातून त्यांना ते ऐकवतो. पण आता मला आणखी एक माणूस हवा आहे. पुण्याच्या त्या बोटीचा त्या दिवशी जो कॅप्टन होता, तो असेल कुठंतरी, नातवंडं खेळवत. त्यानं समोर यावं आणि मला सांगावं, पाच नंबरवाल्याला का उतरवलं?