लाटकर मास्तरांच्या पेशीत बदली

त्रिशला हेरवाडे यांची बदली जयसिंगपूरचे निवृत्त चित्रकला शिक्षक श्री. श्रीपती लाटकर यांच्या स्वादुपिंडातल्या एका पेशीत झाली, आणि सोमवारी सकाळी साडेनऊला त्यांनी हजर व्हायचं होतं.

आदेश नेहमीच्या पिवळट कागदावर होता. इचलकरंजीच्या सरकारी हातमाग भांडारात त्रिशलानं सव्वीस वर्षं एकच काम केलं होतं. आलेली साडी उलगडायची, दोष बघायचा आणि पुन्हा घडी घालायची. नव्या जागी पद होतं 'घडी सहायक (प्रथिने)'. तिचे यजमान अण्णासाहेब यांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"जयसिंगपूर म्हणजे जवळच झालं की," ते म्हणाले. "आमच्या वहिनींना चंदगडला एकाच्या यकृतात टाकलं होतं. येऊन-जाऊन सहा तास."

सोमवारी ती एसटीनं गेली. स्टँडपासून लाटकरांचं घर आठ मिनिटांवर होतं. मास्तर व्हरांड्यात खुर्ची टाकून पेन्सिलीला टोक करत बसले होते. सत्तरीचे, सडपातळ, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला रंगाचे डाग.

"नवीन का? पेशीत?"

"हो. घडीवर."

"बरं झालं. तीन वर्षं ती जागा रिकामी होती म्हणतात. चप्पल इथंच काढा." मग ते म्हणाले, "आतलं काही विचारणार नाही मी, तुम्हाला बोलायची परवानगी नसते ते ठाऊक आहे. फक्त माझ्या खाण्यापिण्यात काही चुकत असलं तर तेवढं सांगत जावा."

त्रिशला हो म्हणाली आणि आत गेली.

पेशीचे अधीक्षक शिरगुप्पेसाहेब यांनी तिला सगळं फिरून दाखवलं. ते हळू चालत आणि प्रत्येक पडद्यापाशी थांबत, कारण पेशीत सगळीकडे पडदेच होते. भिंत अशी नव्हतीच. मधोमध केंद्रक, म्हणजे मुख्यालय. मूळ नमुने तिथंच कुलपात. ते बाहेर येत नसत, त्यांची नक्कल येई. केंद्रकाला लागून एकात एक गुंतलेल्या पडद्यांची मोठी जाळी पसरलेली होती. तिचं पुस्तकी नाव आंतर्द्रव्यजालिका, पण साहेबांसकट सगळे तिला जाळीच म्हणत. जाळीच्या बाहेरच्या अंगाला रायबोसोम बसलेले. ते नक्कल वाचत आणि एकेक मणी ओवत साखळी तयार करत. साखळी तयार होत असतानाच तिचं पुढचं टोक पडद्यातल्या दारातून आत सरकायचं.

"हे इन्शुलिनचं काम," साहेब म्हणाले. "साखळी आत येते तेव्हा तिच्या टोकाला एक चिठ्ठी असते. 'मला जाळीत घ्या' एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. आत आली की चिठ्ठीचं काम संपलं. ती दारात कापायची. पुढची घडी तुमची."

दारावर अन्वर मुजावर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. पूर्वी ते इस्लामपूरला एका टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडत. हातात छोटी कात्री, डोक्यावर विणलेली टोपी. त्रिशलाला बघून ते म्हणाले, "या बाई. माझ्याकडून आलेला माल तुम्हाला सुताला सूत मिळंल."

घडी सोपी नव्हती, पण साडीपेक्षा फार वेगळीही नव्हती. साखळीत सहा मणी गंधकाचे. त्यांच्या ठरलेल्या जोड्या लावून तीन गाठी मारायच्या. गाठ चुकली तर दोरा ओढायचा नाही, गाठ सोडून पुन्हा मारायची. साखळीचा मधला भाग सैल ठेवायचा. तो फक्त घडी नीट बसावी म्हणून असे, पुढे काढून टाकायचा. घडी झाली की पडद्याचाच एक तुकडा फुगून पिशवी होई, माल त्या पिशवीतून गॉल्गीकडे जाई. तिथं एकावर एक चपट्या थाळ्या रचल्यासारखे पडदे होते. गॉल्गीत तपासणी, वाटणी, बांधणी. शेवटी पक्क्या पिशवीत मधला भाग कापला जाई आणि तयार इन्शुलिन सहा-सहाच्या घोळक्यानं जस्ताभोवती बसून राही, बाहेरून साखर येईपर्यंत.

तीनदा घडी चुकलेली साखळी मोडीत काढायची, असा नियम होता. मोडीचं दार मागच्या बाजूला होतं. शिरगुप्पेसाहेबांना ते दार आवडत नसे, पण नियम त्यांना त्याहून जास्त आवडत.

पहिले दोन महिने काम निवांत होतं. मास्तर सकाळी एक भाकरी खात, दुपारी थोडा भात, आणि गोडाला हात लावत नसत. त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी निरोप समारंभात त्यांनी भर सभेत सांगितलं होतं की शाळेत चित्रकलेला स्वतंत्र वर्ग मिळेपर्यंत मी गोड खाणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि विसरून गेले होते. मास्तर विसरले नव्हते.

मग एका गुरुवारी मुख्यालयातून परिपत्रक आलं. शिरगुप्पेसाहेबांनी ते सर्वांना उभं राहून वाचून दाखवलं.

"श्री. लाटकर यांच्या शाळेतील चित्रकला वर्गाचं उद्घाटन रविवारी होत आहे. दुपारी साडेबारा वाजता माजी विद्यार्थी त्यांना जिलेबी खाऊ घालणार आहेत. संख्या अनिश्चित. सर्व पेशींनी साठा तयार ठेवावा."

घडीवरच्या चाळीस जणांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग कोणीतरी मागून म्हणालं, "अकरा वर्षांनी!" आणि सगळे एकदम हसायला लागले. त्रिशलाही हसली. व्हरांड्यात बसून टोक करणारे मास्तर तिच्या डोळ्यांपुढे आले आणि तिला वाटलं, या माणसाला जिलेबी बाधता कामा नये.

शुक्रवारपासून नकला दसपट येऊ लागल्या. रायबोसोम ओवत होते, साखळ्या आत येत होत्या, घडीवर हात थांबत नव्हते. शनिवारी सकाळी अकराला लक्षात आलं की घडी न झालेल्या साखळ्यांचा ढीग साचतोय. ज्या साखळीला कधी दुसऱ्यांदा हात लावावा लागत नव्हता ती तीनतीनदा चुकत होती. गाठी जुळतच नव्हत्या.

शिरगुप्पेसाहेबांनी जाळी वाढवून मिळण्याचा अर्ज लिहिला. त्यांनी पेनाला टोपण लावायच्या आत मंजुरी आली, आणि पडदे दोन्ही अंगांना सरसर वाढत गेले. साहेब बराच वेळ तो मंजुरीचा कागद धरून उभे राहिले. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होतं. पण जाळी वाढली तसा ढीगही पसरला. दोन वाजता तो धोक्याच्या लाल रेघेवर गेला आणि घंटा वाजली.

घंटा वाजली की काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आधी नवीन साखळ्या थांबतात. तरी ढीग हटला नाही तर पेशी बंद करतात. बाहेरून कोणी येऊन नव्हे. पेशी स्वतःच, शिस्तीत, एकेक पडदा उतरवत बंद होते. मुख्यालयाचा कागद आला, चार वाजेपर्यंत मुदत.

"मोडीत काढा," साहेब म्हणाले. "सगळा ढीग. दुसरा उपाय नाही."

"साहेब, मग उद्याला काय उरेल?"

"उद्या पेशी तरी उरेल, हेरवाडेबाई."

त्रिशलानं मोडीकडे निघालेली एक साखळी उचलली आणि मांडीवर घेऊन बसली. तिनं गाठी सोडल्या. पुन्हा मारल्या. टोक वर उचकलं. तिनं तळहातानं दाबलं, पुन्हा उचकलं. असं उचकणं तिच्या ओळखीचं होतं. भांडारात एखादी साडी काही केल्या सपाट बसत नसे, कितीही हात फिरवा. तेव्हा बघावं तर आतल्या पदराला मागाच्या नंबराची चिठ्ठी टाचलेली राहिलेली असायची. तिनं साखळीचं टोक उजेडात धरलं. चिठ्ठी तशीच होती. 'मला जाळीत घ्या.'

तिनं दुसरी बघितली. तिसरी बघितली. मग पदर खोचून ती दाराशी गेली.

चाचा घामाघूम झाले होते. दोन्ही हातांनी साखळ्या आत ओढत होते. कात्री खिशात होती.

"चाचा, चिठ्ठ्या कापायच्या राहिल्यात."

"राहिल्या न्हाईत बाई, ठेवल्यात," चाचा म्हणाले. "हाऊसफुल्लच्या खेळाला दारात गर्दी तुंबली की चेंगराचेंगरी होते. आधी पब्लिक आत सोडायचं, बसू द्यायचं, मग ब्याटरी घेऊन खुर्चीखुर्चीवर जायचं आन् तिकीट फाडायचं. पंचवीस वर्षं तसंच केलं. एक माणूस कधी पडला न्हाई माझ्या दारात."

"बरोबर आहे तुमचं. पण चाचा, ही बसतच नाहीत. चिठ्ठी असली की यांना बसताच येत नाही."

चाचांनी तिच्या हातातली साखळी पाहिली. उचकलेलं टोक पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे ही घंटा माझ्यामुळं वाजली?"

"घंटा गर्दीमुळं वाजली. तुमची ती ब्याटरी घ्या आणि चला आत. खेळ अजून संपलेला नाही."

कात्री बाहेर निघाली. चाचा ढिगाच्या मधोमध मांडी घालून बसले. त्रिशलानं घडीवाल्यांच्या दोन रांगा केल्या. डावीकडच्यांनी साखळीचं टोक चाचांपुढे धरायचं, उजवीकडच्यांनी कापलेली साखळी लगेच घडीला घ्यायची. पहिली चिठ्ठी कापली आणि साखळी तिच्या हातात अशी अलगद मिटली की तिला काही करावंच लागलं नाही. एक गाठ, दोन, तीन.

"बसली!" ती ओरडली.

"बसली!" पलीकडून आवाज आला. मग इकडून, मग तिकडून. चाचांची कात्री चालत होती आणि ते प्रत्येक चिठ्ठीला टॉकीजच्या दारातल्यासारखं म्हणत होते, "या, या, बाल्कनी वरती, स्टॉल सरळ पुढं." लोक हसत होते आणि हात चालवत होते. पडद्यांतून पिशव्या फुगून सुटत होत्या, एकामागं एक, गॉल्गीकडे. थोड्या वेळानं शिरगुप्पेसाहेबांनी कोट काढून खुंटीला लावला, बाह्या सारल्या आणि डाव्या रांगेत शेवटी उभे राहिले. त्यांनी एकही साखळी खाली पडू दिली नाही.

चारला दहा मिनिटं कमी असताना ढीग रेघेखाली गेला. मुख्यालयाचा एका ओळीचा कागद आला, 'पेशी चालू ठेवावी.' साहेबांनी तो तीनदा वाचून दाखवला.

मग ते अहवाल लिहायला बसले. "विलंबाचं कारण?"

"चिठ्ठ्या आत राहिल्या होत्या," त्रिशला म्हणाली.

"चूक कुणाची?"

चाचा उठून उभे राहू लागले. त्रिशलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "गर्दीची, साहेब."

शिरगुप्पेसाहेबांनी दोघांकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि रकान्यात लिहिलं, 'गर्दी'.

रविवारी सगळे सुट्टी सोडून कामावर होते. पेशीच्या बाहेरच्या पटलाला आतून पिशव्या टेकवून ठेवल्या होत्या, ओळीनं. साडेबारा झाले, काही नाही. पावणेएक झाला. भाषणं चालली असावीत, असं कोणीतरी म्हणालं. आणि मग साखर आली.

आधी थोडी, चाचपडत. मग भरभरून. पहिली पिशवी पटलाला भिडली. ती फुटली नाही, पडदा पडद्यात मिसळला, एवढंच. आतला माल मोकळा होऊन रक्तात निघाला. सहा-सहाचे घोळके सुटे होत, एकेकटे वाहत चालले. दुसरी पिशवी. दहावी. त्रिशलानं घडी घातलेलं आता कोणतं आणि दुसऱ्यानं घातलेलं कोणतं ते सांगता येत नव्हतं. शेजारच्या पेशींतूनही तसंच निघत होतं. पटलाशी उभं राहून ते पाहताना तिला वरातीत नाचतात तसं नाचावंसं वाटलं. मुख्यालय मोजून सांगत होतं. "पाचवी जिलेबी. सहावी. थोडं थांबले आहेत. मठ्ठा घेतला. सातवी."

"अकरा खाणार," चाचा म्हणाले. "वर्षाला एक."

मास्तरांनी नऊ खाल्ल्या. साठा पुरला आणि थोडा उरला.

पाचला ती बाहेर आली तेव्हा मास्तर व्हरांड्यात बसले होते. गळ्यात हार तसाच होता.

"काही चुकलं नाही ना माझं?" त्यांनी विचारलं.

"नाही मास्तर. फक्त पुढच्या वेळी अकरा वर्षं थांबू नका."

मास्तर इतके हसले की हाराची दोन फुलं गळून पडली.

सोमवारी सकाळी साडेसातला त्रिशला स्वतःच्या घरी डबा भरत होती. दार वाजलं. रोजचीच तीन माणसं आली होती, दोन बायका आणि एक वयस्कर गृहस्थ. तिच्या स्वादुपिंडात कामाला असलेली. ती निपाणीकडून येत, एवढंच तिला माहीत होतं. रोज घाईत ती नुसती बाजूला सरकून त्यांना वाट द्यायची. आज तिनं आधी तीन कप चहा पुढे ठेवला आणि नावं विचारली.

त्यांनी सांगितली. चहा प्यायले. मग धाकटीनं धीर करून विचारलं, "बाई, आज दुपारी काय आहे?"

"आज साधंच. वरण-भात," त्रिशला म्हणाली. "पण उद्या आमरस आहे. मी हळूहळू खाईन."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं, समाधानानं मान डोलावली, चपला काढल्या आणि तिघंही आत गेली.