उजव्या पायाचं दुखणं

शूवेनचा डावा पाय जिन्यात मुरगळला आणि सासूबाईंनी लेप बांधला उजव्या पायाला.

चूक शूवेनच्या लक्षात आली नव्हती असं नाही. पण दौदौ, तिची सात महिन्यांची लेक, दीड तास रडून नुकतीच तिच्या छातीवर झोपली होती. अशा वेळी पाय तुटला तरी आई तोंड उघडत नाही. शूवेनने डोळे वटारले, मान हलवली, डाव्या पायाचा अंगठा नाचवला.

"झोंबतंय ना? झोंबू दे," सासूबाई कुजबुजल्या.

अनंताच्या झाडाची वाळकी फळं कुटायची, त्यात पीठ, अंड्यातलं पांढरं आणि तांदळाची दारू घालायची. सबंध फोशान शहरात हे ज्ञान आपल्याखेरीज कुणाला नाही, अशी सासूबाईंची समजूत. एका हाडवैद्याच्या शेजारी अकरा वर्षं राहिल्यामुळे त्या स्वतःला निम्म्या हाडवैद्य मानत. उरलेलं निम्मं, त्यांच्या मते, त्या वैद्यालाही येत नव्हतं.

दौदौ उठल्यावर शूवेन म्हणाली, "आई, तो पाय..."

"उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. गुण जातो."

शूवेनने दौदौला पाजायला घेतलं. परवा ज्यांगमेनला तिच्या आईची साठी होती आणि लेक झाल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. भांडून अडकण्यापेक्षा लंगडत गेलेलं बरं.

सकाळी पट्टी सोडली, तर पाय घोट्यापासून बोटांपर्यंत निळाजांभळा. या फळाचा रंग कातडीवर चढतो, एवढंच. सासूबाईंच्या शास्त्रात मात्र ते आत साखळलेलं रक्त होतं.

"बघ. जितकं निळं, तितका मार. महिनाभर हलायचं नाही. विहीणबाईंना मी कळवते." आवाजात दुःख होतं, पण फार नव्हतं.

"आई, मुरगळला तो डावा. हा उजवा आहे."

सासूबाईंनी दोन्ही पाय नीट पाहिले. सुजलेला गुलाबी, धडधाकट निळा.

"म्हणजे हाही आतून दुखावला होता," त्या म्हणाल्या. "तुला पत्ता नव्हता. बरं झालं माझा हात तिकडे गेला."

असं बोलून त्यांनी दौदौला घ्यायला हात पुढे केले. दहाही बोटं नखांपर्यंत निळी होती.

"आई, तुमची बोटं," शूवेन हळूच म्हणाली.

"ती लेप कालवताना..." सासूबाई थांबल्या. नुसता रंग म्हणावं, तर सुनेचा निळा पायही नुसता रंगच ठरत होता.

"दहाच्या दहा," शूवेनने त्यांचे हात प्रेमाने हातात घेतले. "केवढा मार, आणि तुम्हाला पत्ताही नाही. आता महिनाभर पळी उचलायची नाही."

"मग जेवायचं काय?"

"तेच म्हणते मी. उद्याचं जेवण ज्यांगमेनला आहे."

साठीच्या मेजवानीत सासूबाई दोन्ही हातांना पट्ट्या बांधून बसल्या होत्या. शूवेनची आई चॉपस्टिकने त्यांना भाजलेल्या हंसाचे तुकडे भरवत होती.

"फार दुखतंय का हो, विहीणबाई?"

सासूबाईंनी शूवेनकडे पाहिलं. ती दौदौला मांडीवर घेऊन मन लावून जेवत होती.

"उजव्याला जास्त," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.