मुकादम सिस्टर आणि आम्ही दोघं

मुकादम सिस्टर माणसाचं तोंड बघत नसत, पाय बघत. क्लिनिकच्या दारात कोणी उभं राहिलं की त्यांची नजर थेट फरशीवर. "ये पोरी, चप्पल नवी दिसते. चावेल बघ," असं माझं स्वागत व्हायचं. रस्त्यात मी त्यांना चेहऱ्यावरून ओळखू आले असते की नाही, मला शंकाच आहे.

नव्वदीच्या मध्यावर कोपरखैरण्यात आमचं मधुमेहाचं क्लिनिक होतं. पहिल्या खोलीत डॉक्टर, मधल्या खोलीत आहार सांगायला मी आणि शेवटच्या खोलीत पायांची देखभाल करायला सिस्टर. त्या मूळच्या मुरुडकडच्या. मिस्टर वारलेले, मुलं आखातात. आवाज मात्र बंदरावरून होडीला हाक मारणाऱ्याचा. पेशंट बिचारा एका खोलीतून दुसरीत जाई आणि प्रत्येक खोलीत आधीच्या खोलीतलं निम्मं खोडलं जाई.

डॉक्टर आकडे बघत, मी ताट बघे. सिस्टरांच्या मते बाकीचं शरीर म्हणजे पायांवर लादलेलं सामान. "साखरबिखर तुमी बघा. पाय गेला तर त्या साखरेचं काय लोणचं घालायचंय?" असं त्या विचारत. एकदा माझा भिंतीवरचा आहाराचा तक्ता वाचून म्हणाल्या, "यात कोलंबी कुठाय? माणसं जगायची कशावर?" डॉक्टर त्यांना घाबरत. मी भांडत असे आणि हरत असे.

मग शिंदे आले. सातारकडचा गडी, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. पोती उचलण्यावर घर चालायचं. डॉक्टरांनी त्यांना रोज तासभर फिरायला सांगितलं. शिंदे नवे बूट घालून फिरले आणि अंगठ्याला फोड घेऊन आले. सिस्टर म्हणाल्या, "हा पाय जमिनीला लावलास तर बघ." मी सांगितलं, साखर एकदम उतरू नये म्हणून फिरायच्या आधी मूठभर फुटाणे खात जा. आम्ही तिघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "फिरता ना?" शिंदे म्हणाले, "रोज तासभर." डॉक्टर खूश झाले आणि गोळ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या.

एका संध्याकाळी सिस्टर भाजीला निघाल्या, तर समोरून हातगाडी आली. दोघे गाववाले ओढत होते आणि वर शिंदे बसले होते. दुखरा पाय उशीवर, हातात फुटाण्यांची पुडी.

"कुठं चाललास रे?"

"कुठं न्हाई शिस्टर, फिरतोय. डागदर म्हनले फिर, तुमी म्हनला पाय टेकू नको. मोडायचा तरी कुनाचा शबूद?"

दुसऱ्या दिवशी सिस्टर मला दंडाला धरून डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेल्या. "याला चालायला सांगितलं कोणी?" त्या कडाडल्या. "आणि फोड मला दाखवला कोणी?" डॉक्टरही चिडले. फुटाण्यांचा विषय निघू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

भांडण जोरदार झालं, पण उशिरा झालं. साखर उतरली नव्हती, फोड चिघळला होता. शिंदेंना वाशीच्या हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. अंगठा काढावा लागेल, कदाचित पाऊलही, असं तिथले सर्जन म्हणाले. पाऊल गेलं की पोती उचलणं संपलं, हे सगळ्यांनाच कळत होतं. सिस्टरांनी आमच्याशी बोलणं टाकलं. "या बाईंबरोबर काम करणं अवघड आहे," डॉक्टर मला म्हणाले, आणि मीही मान डोलावली.

शिंदेंना घरी सोडायची वेळ आली तेव्हा पुढं काय खायचं ते समजावायला मी हॉस्पिटलात गेले. मला बघताच त्यांनी हात जोडले.

"ताई, अंगठा ऱ्हायला. आता कापायचं कारन न्हाई म्हनले. तुमच्या भाकरीनं उभा केला बगा."

"माझ्या भाकरीनं?"

"रोज पाठवता न्हवं नाचनीची? शिस्टर घिऊन येत्यात. म्हनत्यात, ताईनं मापात केलीया, एक तुकडा टाकायचा न्हाई. अन् डागदर रोज सकाळी आल्या आल्या माजंच इचारत्यात म्हनं. तुमच्या तिघांवानी एकदिलाची मानसं म्या बगितली न्हाईत."

मला भाकरी थापता येत नाही, हे सिस्टरांना पक्कं ठाऊक होतं. त्यावरून त्यांनी मला किती टोमणे मारले असतील. आणि आमच्याशी अबोला धरून ही बाई रोज इथं येऊन आमचंच कौतुक सांगत होती. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात सिस्टर डबा घेऊन आल्या. मला बघून जागच्या जागी थबकल्या. त्यांना ओशाळलेलं मी प्रथमच बघत होते.

मी म्हटलं, "सिस्टर, आजची भाकरी मी जरा जाड थापली का हो?"

त्या स्टुलावर बसल्या, डबा उघडला, भाकरी उलटीपालटी करून बघितली.

"थोडी जाड झालीय," त्या म्हणाल्या. "उद्या घरी ये, दाखवते. डॉक्टरला पण आण. एकटीपुरतं पीठ मळायचा मला लय कंटाळा येतो."